ऑलिम्पिकचे ज्योतपात्र: एका तरुण परंपरेचा इतिहास

१/
टोकियोच्या उत्तरेस, आराकावा नदीच्या पलीकडे कावागुची हे शहर आहे. तेथील आओकी-चो उद्यानात बिडाचे एक प्रचंड पात्र ठेवलेले आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकची ज्योत ज्या पात्रात तेवली, त्याचे हे थोरले भावंड. हे पात्र ओतताना साचा फुटला आणि ओतणारा वृद्ध कारागीर आठ दिवसांत मरण पावला. ऑलिम्पिकच्या मशालीविषयी पुष्कळ लिहिले जाते. ज्योत अखेर ज्यात विसावते त्या पात्राविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. हा थ्रेड त्या पात्राविषयी.

२/
आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ही प्रथा प्राचीन ग्रीकांकडून जशीच्या तशी चालत आलेली नाही. ऑलिम्पियात हेस्तिया देवीच्या वेदीवर अग्नी अखंड तेवत असे, हे खरे. अथेन्समध्ये उत्सवप्रसंगी मशालींच्या शर्यती होत, हेही खरे. परंतु ऑलिम्पियात ज्योत चेतवून ती देशोदेशी नेणे आणि क्रीडांगणातील भव्य पात्रात तिची स्थापना करणे, हे प्राचीन खेळांत नव्हते. १८९६ पासून १९२४ पर्यंतची पहिली सात आधुनिक ऑलिम्पिक ज्योतीवाचूनच पार पडली.

३/
ज्योत पहिल्यांदा दिसली ती १९२८ साली, ॲमस्टरडॅममध्ये. वास्तुविशारद यान विल्स याने विटांचे नवे स्टेडियम बांधले आणि त्याच्यासमोर एक सडपातळ मनोरा उभारला. मनोऱ्याच्या माथ्यावर एक उथळ वाडगा होता. खेळ कोठे चालले आहेत हे दुरूनही कळावे, एवढेच त्या ज्योतीचे काम. ती पेटवली शहराच्या गॅसपुरवठा खात्यातील एका कर्मचाऱ्याने. ना मशाल, ना मिरवणूक, ना टाळ्या. स्थानिक लोकांनी त्या वाडग्याचे नाव काय ठेवले असेल? ‘वैमानिकांचा ॲशट्रे’!

४/
याच खेळांत स्टेडियमच्या आराखड्यासाठी विल्सला वास्तुकलेचे सुवर्णपदक मिळाले, कारण त्या काळी ऑलिम्पिकमध्ये कलास्पर्धाही होत असत. भारतीय वाचकांसाठी एक गमतीची नोंद: भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक याच ऑलिम्पिकमध्ये जिंकले, पण ती स्पर्धा मे महिन्यातच संपली होती. उद्घाटन सोहळा झाला २८ जुलैला. म्हणजे ध्यानचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुवर्ण मिळवले, तेव्हा मनोऱ्यावर ज्योत पेटायची होती.

५/
या साध्या ज्योतीला विधीचे रूप मिळाले ते १९३६ साली बर्लिनमध्ये. संयोजन समितीचे सचिव कार्ल डीम यांनी ज्योतयात्रेची कल्पना प्रत्यक्षात आणली. ऑलिम्पियात अंतर्वक्र आरशाने सूर्यकिरण एकवटून ज्योत चेतवण्यात आली आणि तीन हजारांहून अधिक धावकांनी ती ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांतून जर्मनीत आणली. मशाली बनवल्या होत्या क्रुप कंपनीने, म्हणजे जर्मनीच्या तोफा बनवणाऱ्या कारखानदारांनी.

६/
बर्लिनच्या स्टेडियमची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. प्रेक्षागाराचे वर्तुळ पश्चिमेला तोडलेले आहे. त्या खिंडारात, उंच पायऱ्यांवर तीन पायांचे पात्र ठेवले होते. प्राचीन ग्रीक मंदिरातील त्रिपाद पात्रांची आठवण व्हावी, अशी ही योजना. १ ऑगस्ट १९३६ रोजी फ्रिट्झ शिल्गेन या धावकाने ते पेटवले. आपण प्राचीन ग्रीसचे खरे वारस आहोत, हे नाझी राजवटीला जगाला दाखवायचे होते आणि त्यासाठी हे दृश्य फार उपयोगाचे होते.

७/
पुढच्या नऊ वर्षांत, ज्या देशांतून ती ज्योत आली त्यांपैकी बहुतेकांवर जर्मन सैन्याची टाच पडली. मग प्रश्न असा की युद्धानंतर ही प्रथा टाकून का दिली गेली नाही? १९४८ साली लंडनने ती ठेवली, पण तिचा अर्थ बदलला. ऑलिम्पियाहून निघालेल्या पहिल्या धावकाने, ग्रीक सैन्यातील एका कॉर्पोरलने, आधी शस्त्र खाली ठेवले, गणवेश उतरवला आणि मगच मशाल हाती घेतली. एखादी प्रथा कोणी सुरू केली आणि पुढे तिचे काय झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्योतपात्राच्या इतिहासात ते वारंवार समोर येतात.

८/
१९५२ साली हेलसिंकीने दोन पात्रे ठेवली. एक मैदानावर, दुसरे ७२ मीटर उंच मनोऱ्यावर. मैदानावरचे पात्र पेटवले ५५ वर्षांच्या पावो नुर्मीने. या महान धावपटूवर व्यावसायिकतेचा ठपका ठेवून त्याला १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावू दिले नव्हते. वीस वर्षांनी त्याच्याच हाती मशाल देऊन फिनलंडने आपले उत्तर दिले. मनोऱ्यावरचे पात्र पेटवले हानेस कोलेहमाइनेन याने. याच ज्योतीच्या साक्षीने कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

९/
आता पुन्हा कावागुचीकडे. हे शहर ओतकामाचे. टोकियोत १९५८ साली आशियाई क्रीडास्पर्धा भरायच्या होत्या आणि नव्या राष्ट्रीय स्टेडियमसाठी मोठे ज्योतपात्र हवे होते. मुदत अवघ्या काही महिन्यांची आणि मोबदला तुटपुंजा. अशा अटींवर काम घ्यायला मोठे कारखाने तयार नव्हते. ते स्वीकारले सुझुकी मान्नोसुके या अडुसष्ट वर्षांच्या ओताऱ्याने. उंची २.१ मीटर, व्यासही तेवढाच, आणि सगळे बिडाचे.

१०/
ज्यांनी फाउंड्री आतून पाहिली आहे, त्यांना या कामातील धोका सांगायला नको. वितळलेले लोखंड साच्यात उतरते तेव्हा त्याचा भार साच्याच्या भिंतींवर पडतो. पात्र जितके मोठे, तितका हा दाब अधिक. कोठे एक कमकुवत जागा राहिली, तर महिन्यांची मेहनत काही क्षणांत वाहून जाते. १९५८ च्या फेब्रुवारीत नेमके तेच झाले. ओतकाम सुरू असताना साचा फुटला आणि तप्त रस बाहेर आला. त्या धक्क्याने मान्नोसुके अंथरुणाला खिळला आणि आठ दिवसांनी गेला.

११/
मुदत मात्र तीच होती. मान्नोसुकेचा मुलगा बुंगो याने काम पुढे चालवले. नवा साचा बांधला, पुन्हा लोखंड ओतले आणि पात्र वेळेत उभे राहिले. सहा वर्षांनी ऑलिम्पिक आले तेव्हा हेच पात्र पुन्हा वापरले गेले. फुटलेले पहिले पात्र पुढे दुरुस्त करण्यात आले. आओकी-चो उद्यानात आहे ते हेच.

१२/
१० ऑक्टोबर १९६४ रोजी बुंगोच्या पात्रात ज्योत पेटवली योशिनोरी साकाई या १९ वर्षांच्या धावकाने. त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९४५ चा, हिरोशिमा प्रांतातला. ज्या दिवशी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तोच हा दिवस. साकाई जगभर प्रसिद्ध झाला. ज्या पात्रासमोर तो उभा होता त्यामागच्या बापलेकांची नावे जपानबाहेर फारशी कोणाला ठाऊक झाली नाहीत. बुंगो मात्र दरवर्षी स्टेडियमवर जात असे आणि तिळाचे तेल लावून ते पात्र घासूनपुसून ठेवत असे. २००८ साली तो वारला, तोवर हा नेम चालू होता.

१३/
१९६० च्या दशकात दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचू लागली आणि पात्राचे प्रेक्षक बदलले. स्टेडियममधल्या हजारोंपेक्षा पडद्यापुढचे कोट्यवधी महत्त्वाचे ठरले. ज्योत कोण पेटवणार, हाच आता संदेश होऊ लागला. १९६८ साली मेक्सिकोत एनरिकेता बासिलियो ही ज्योत पेटवणारी पहिली स्त्री ठरली. मात्र त्याच शहरात, अवघ्या दहा दिवसांपूर्वी, त्लातेलोल्को चौकात विद्यार्थी आंदोलकांवर गोळीबार झाला होता. प्रकाशझोत कशावर टाकायचा हे यजमान ठरवतो. झोताबाहेर काय राहिले, ते इतिहासाला शोधावे लागते.

१४/
प्रेक्षक वाढले तशा फजित्याही जगासमोर होऊ लागल्या. १९७६ साली मॉन्ट्रियलमध्ये खेळ चालू असताना पावसाने ज्योत विझली. एका कर्मचाऱ्याने चटकन खिशातल्या लायटरने ती पेटवली! मग ती मुद्दाम विझवून, राखून ठेवलेल्या मूळ ज्योतीने पुन्हा चेतवावी लागली. १९८८ साली सोलमध्ये सोडलेली काही कबुतरे पात्राच्या काठावर जाऊन बसली, आणि ज्योत पेटली तेव्हा त्यांतली काही होरपळून मेली. शांतीचे प्रतीक म्हणून सोडलेले पक्षी असे जळताना जगाने पाहिले. जिवंत कबुतरे सोडण्याची प्रथा पुढे बंदच झाली.

१५/
१९९२ चे बार्सिलोना म्हणजे बाण. पोलिओमुळे लहानपणीच पाय अधू झालेला पॅरालिम्पिक धनुर्धर अंतोनियो रेबोयो याने पेटता बाण सोडला आणि उंचावरचे पात्र धडाडून पेटले. बाण पात्रात पडला, असे अनेकांना अजूनही वाटते. प्रत्यक्षात तो पात्राच्या वरून स्टेडियमबाहेर गेला, आणि योजनाही तशीच होती. पात्रातून वर येणाऱ्या गॅसमधून बाण जाताच गॅस पेटावा आणि बाण गर्दीपासून दूर पडावा, यासाठी रेबोयोने अनेक रात्री सराव केला होता. म्हणून यात फसवणूक शोधण्याचे कारण नाही. नेम अचूकच हवा होता, फक्त लक्ष्य वेगळे होते.

१६/
येथे थोडे विज्ञान. पात्रातील ज्योत बहुधा नैसर्गिक वायू किंवा प्रोपेनवर जळते. वायूचे ज्वलन पूर्ण झाले तर ज्योत फिकट निळी होते आणि उन्हात दिसतच नाही. आपण ज्याला ‘ज्योतीचा रंग’ म्हणतो तो पिवळा उजेड असतो तापलेल्या कार्बनकणांचा, म्हणजे काजळीचा. त्यामुळे पात्र घडवणाऱ्यासमोर कायम एक पेच असतो: ज्वलन काहीसे अपुरे ठेवायचे, पण धूर होऊ द्यायचा नाही, आणि हे सारे वाऱ्यापावसात, दोन आठवड्यांहून अधिक काळ, एकदाही न विझता.

१७/
बार्सिलोनानंतर प्रत्येक यजमानाला आधीच्यापेक्षा विलक्षण काही करायचे होते आणि पात्राचे यंत्र होऊ लागले. २००० साली सिडनीत कॅथी फ्रीमन या आदिवासी धावपटूने पाण्यात उभे राहून स्वतःभोवती अग्नीचे कडे पेटवले. ते कडे तिच्याभोवतीने वर उचलले गेले आणि नियंत्रण यंत्रणेतील बिघाडामुळे मध्येच अडकले. जवळजवळ चार मिनिटे फ्रीमन ओल्या कपड्यांत, मशाल उंचावून, शांत उभी राहिली. तंत्रज्ञांनी अखेर यंत्रणा हाताळून पात्र पुढे सरकवले. दहा दिवसांनी तिने ४०० मीटरचे सुवर्ण जिंकले.

१८/
२०१० साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जमिनीतून चार खांब वर यायचे होते, आले तीनच. चौथा खांब पेटवण्यासाठी उभी असलेली कॅत्रिओना ले मे डोन मशाल हातात घेऊन तशीच राहिली. समारोपाच्या सोहळ्यात यजमानांनी स्वतःचीच थट्टा केली: एका विदूषकाने तो खांब ‘दुरुस्त’ करून वर ओढला आणि तिने तो पेटवला. बाहेरच्या चौकातील दुसरे पात्र जाळीच्या कुंपणाआड ठेवले म्हणूनही लोक चिडले होते. ज्योत जवळून पाहता यावी, ही त्यांची साधी अपेक्षा होती.

१९/
लंडन २०१२ चे पात्र थॉमस हेदरविक याने घडवले. व्हँकुव्हरच्या फजितीनंतर हलणारे भाग टाळा असा सल्ला त्याला मिळाला होता. त्याने केले उलटच. तांब्याच्या २०४ पाकळ्या, प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर एकेका संघाचे नाव. संचलनात प्रत्येक संघाबरोबर एकेक पाकळी मैदानात आली आणि लांब दांड्यांच्या टोकांवर बसवली गेली. सात तरुण खेळाडूंनी त्या पेटवल्या, दांडे हळूहळू उभे झाले आणि सुट्या ज्योतींची एकच ज्योत झाली. भारताच्या नावाची पाकळीही तीत होती.

२०/
खेळ संपल्यावर पाकळ्या त्या त्या देशांना दिल्या गेल्या. म्हणजे ते पात्र आज अस्तित्वातच नाही. त्याचे तुकडे जगभर विखुरले आहेत, आणि हेच त्याच्या आराखड्यात अभिप्रेत होते. टीका मात्र वेगळ्या कारणासाठी झाली. ज्योत स्टेडियमच्या आत होती, ती बाहेरच्या लंडनकरांना दिसत नव्हती. १९२८ मध्ये यान विल्सने मनोरा बांधला होता तो ज्योत दुरून दिसावी म्हणून. ८४ वर्षांनी तोच मुद्दा पुन्हा वादाचा झाला. रिओने २०१६ साली यातून धडा घेतला आणि स्टेडियममधल्या पात्राबरोबर शहराच्या चौकातही एक पात्र पेटवले.

२१/
रिओच्या पात्राची ज्योत मुद्दामच लहान ठेवली होती, कारण आता प्रश्न कार्बन उत्सर्जनाचा होता. ती छोटी ज्योत भव्य दिसावी म्हणून शिल्पकार अँथनी हाउ याने तिच्याभोवती वाऱ्यावर फिरणाऱ्या चकत्यांचे शिल्प उभारले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकने पुढचे पाऊल टाकले: इंधन हायड्रोजनचे. पण हायड्रोजनची ज्योत जवळजवळ अदृश्य असते. म्हणून तिच्यात सोडियम कार्बोनेटचे द्रावण फवारून पिवळा रंग आणला गेला. काजळीचे काम मिठाच्या या भावंडाने केले.

२२/
याच टोकियोत एक विलक्षण गोष्ट घडली होती. जुने राष्ट्रीय स्टेडियम पाडून नवे बांधायचे ठरले आणि २०१६ साली लक्षात आले की लाकडी छताच्या नव्या आराखड्यात ज्योतपात्रासाठी जागाच ठेवलेली नाही! सुझुकी बापलेकांचे पात्र तोवर इशिनोमाकीला गेले होते. २०११ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या या शहराला, पुनर्बांधणीच्या काळात धीर म्हणून, ते काही वर्षांसाठी दिले होते.

२३/
आणि मग पॅरिस, २०२४. माथ्यू लेआनेर याने घडवलेले सात मीटर व्यासाचे कडे, वर प्रचंड फुगा. दररोज सूर्यास्तानंतर तो त्युइलरी उद्यानातून साठ मीटर उंच जाई. १ डिसेंबर १७८३ रोजी जॅक शार्ल यांनी हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात झेप घेतली ती याच उद्यानातून. त्याची ही आठवण. पण कड्यातील ‘ज्योत’ म्हणजे विजेच्या ४० प्रकाशझोतांनी उजळलेले पाण्याचे तुषार. अग्नी नव्हताच. ऑलिम्पियाहून आलेली खरी ज्योत शेजारी एका कंदिलात जपून ठेवली होती.

२४/
काहींना यात परंपरेचा अंत दिसला. पण लोकांनी त्या फुग्यावर असे प्रेम केले की २०२५ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा उभारावा लागला. आणि परंपरा म्हणाल तर ती आहे किती जुनी? ॲमस्टरडॅमच्या गॅस कर्मचाऱ्यापासून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्या अवधीत तिने नाझी राजवटीची सेवा केली, युद्धातून सावरणाऱ्या देशांना आधार दिला, कबुतरे जाळली, एका धनुर्धराला अमर केले. पात्र बदलत गेले, कारण प्रत्येक यजमानाला त्यातून काही वेगळे सांगायचे होते.

२५/
राजवटींनी त्यातून काय सांगितले, हे आपल्याला माहीत आहे, कारण सोहळ्यांची चित्रफीत असते. फुटलेल्या साच्याची चित्रफीत नसते. म्हणून कधी टोकियोला जाणे झाले, तर आओकी-चो उद्यानातील ते पात्र अवश्य पाहावे. त्यात ऑलिम्पिकची ज्योत कधीच पेटली नाही. तरी या इतिहासातला सर्वांत जड वाटा त्यानेच उचलला आहे.

तुमच्या आठवणीतले पहिले ज्योतपात्र कोणते? जरूर लिहा.

#इतिहास #ऑलिम्पिक #मराठी